गाड्या मोजायचा मंडप

रस्त्याच्या कडेला बसून गाड्या मोजायचं काम मी केलंय म्हणलं की ऐकणाऱ्याचे डोळे लगेच चमकतात. तुमचेही चमकले असतील. तुम्हाला वाटून राह्यलं असंल, आता ह्यात एक स्कूटी येईल, स्कूटीवर ओढणी गुंडाळलेली पोरगी येईल, रोज त्याच टायमाला जाईल, अन् हे येडं मोजणी सोडून तिच्याकडंच बघत बसंल. तर स्कूटी आल्ती. रोज यायची. तिला दोन्ही बाजूंनी दुधाच्या किटल्या लटकवलेल्या अन् वर एक मिशीवाला काका. ओढणी मात्र बराबर गुंडाळलेली, बायकोची, उन्हासाठी.

अजून काहींना वाटत असंल, एखादा अपघात होईल. न्हाई झाला. अन् जे लय हुशार आहेत त्यांना वाटत असंल, ह्यांनी घरी बसून खोटे आकडे भरले असतील. ते तर बिलकुल न्हाई. कारण मोजणीवर माझे दाजी होते, अन् दाजी म्हणजे असा माणूस की पंगतीत पत्रावळ्या वाटायला दिल्या तर आधी खाली बसलेली माणसं मोजतो, मंग पत्रावळ्या मोजतो, अन् तोवर लोक उठून हात धुतात.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे मालक. आधी जिथं कामाला होते ते दुकान बंद पडलं, म्हणून ताई अन् दाजी मंठ्याला आमच्याच घरी राहायला आल्ते. चार दिवसांसाठी आल्ते, वरीस झालं. गल्लीतले लोक लय गोड बोलायचे. "काय जावईबापू, मुक्काम वाढला वाटतं?" असं म्हणायचे अन् आमच्याच ओट्यावर बसून आमचाच चहा प्यायचे. आमचे वडील तर कधीच काही बोलले न्हाईत. उलट चहा आला की पहिला कप दाजींपुढं सरकवायचे. तो कप बघून दाजींचं तोंड असं व्हायचं, जसं कोणी कडू काढा पाजून राह्यलंय.

मंग दाजींना हे काम लागलं. रस्त्यांचा सर्वे करणारी एक कंपनी होती, तिच्यात टेंपरवारी. साहेबानं सांगितलं, "हे बघा, हा एक रस्ता स्वच्छ मोजून द्या. मी स्वतः तपासायला येईन. बराबर निघालं तर तुम्हाला कायम करतो." बस. ताईनं त्याच आठवड्यात जालन्यात एक खोली बघितली. खिडकीचं माप वितीनं घेऊन आली अन् पडदे शिवून बसली. खोली हातात न्हाई, नोकरी हातात न्हाई, पण पडदे तयार.

दाजींना जोडीला एक माणूस पाहिजे होता. ताई म्हणली, "ह्याला न्या. घरी बसून माझीच नक्कल करत राहतो."

ते खरं आहे. मला आवाज काढायची खोड आहे. शाळेत असताना मी हेडसरांच्या आवाजात "चला, सुट्टी" म्हणलं अन् आठवीचा वर्ग दप्तरं घेऊन घरी गेल्ता. ट्रॅक्टर, कुकरची शिट्टी, आमची आत्या फोनवर बोलताना, सगळं येतं मला. दाजींचा आवाज काढणं मात्र अवघड. ते बोलतच न्हाईत.

आमचा रस्ता होता कुंभार पिंपळगावहून अंकुशनगरकडं जाणारा. रस्ता म्हणजे एक गाडी डांबरावर अन् समोरून दुसरी आली की दोघांनी एकेक चाक मातीत घालायचं. उसाचं गाळप चालू होतं, त्यामुळं दिवसभर उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या, काळ्या-पिवळ्या जीपा, टमटमी, मोटरसायकली. आम्ही गावात नात्यातल्या एकाकडं खोली घेतली. ताईही आल्ती सोबत, डब्यासाठी. अंकुशनगरकडं जाणाऱ्या गाड्या दाजींनी मोजायच्या, येणाऱ्या मी. आठवडाभर. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, की पुढची जुडी.

आता ऊन. ऊन असं की कागदावर घाम पडून मोटरसायकलची ट्रक व्हायची. मी म्हणलं, "दाजी, सावली करू." गावातल्या मंडपवाल्या चाचाकडं गेलो. चाचानं एकच विचारलं, "रस्ते के बाजू में बैठना है? हफ्ताभर?" मी हो म्हणलं. "समझ गया बेटा. पूरा सेट ले जाव." अन् त्यानं टेम्पोत चढवलं: चार बांबू, पांढरं कापड, सतरंजी, दोन लोड, पाण्याचा जार, अन् एक माईक, भोंग्यासकट. मी म्हणलं, चाचा, माईक कशाला? चाचा म्हणला, "सेट में आता है."

पहिला दिवस झकास गेला. बाभळीखाली मंडप, बाभळीला कंपनीचा बोर्ड. पण बोर्ड वाचायला गाडी थांबवावी लागते, मंडप चालत्या गाडीतूनही दिसतो.

दुपारी उसाची रिकामी बैलगाडी घेऊन एक म्हातारे बाबा आले. थांबले. आमच्याकडं कोणी रस्त्याच्या कडेला बसलेलं दिसलं अन् माणूस न थांबता गेला, असं होत न्हाई.

"कोणाचे रे तुम्ही?"

"मंठ्याचे, बाबा. गाड्या मोजून राह्यलो."

"माझी मोजली का?"

"मोजली तर. अन् बाबा, तुमची गाडी लय भारी आहे. आमच्या कागदात सगळ्या गाड्यांची कार करावी लागती. मोटरसायकल म्हणजे अर्धीच कार धरायची. अन् बैलगाडी म्हणजे कितीतरी कारी."

"कामून?"

"रस्ता लय अडवती ना ती."

बाबांनी बैलांकडं बघितलं, मंग माझ्याकडं. "माझ्या जावयानं कार घेतली, तेव्हापासून मला रामराम करीत न्हाई. कागदावर सही देतो का तू मला? दाखवतो त्याला." दाजी लगेच म्हणले, "तसं देता येत न्हाई बाबा." बाबा म्हणले, "हे कोण, मोठे साहेब का?" मी म्हणलं, हो. दाजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कोणी साहेब म्हणलं की त्यांना लाज वाटती अन् बरंही वाटतं. दोन्ही एकाच वेळेला कानात दिसतं.

दुसऱ्या दिवशी, बराबर जेवायच्या टायमाला, पांढरा शर्ट आला. म्हणजे पांढऱ्या शर्टातला एक पोरगा, माझ्याहून थोडा मोठा, खिशात दोन मोबाईल, मागं तीन मोटरसायकली. आमच्याकडं प्रत्येक गावात असा एक असतो. बारसं असो की मोर्चा, खुर्च्या तोच लावतो. त्यानं मंडप बघितला, लोड बघितले, माईक बघितला अन् चपला काढून सतरंजीवर आला. दाजींच्या समोर मांडी घालून बसला.

"कधीपासून बसलेत?"

"कालपासून," दाजी म्हणले. नजर रस्त्यावर.

"किती दिवस बसणार?"

"आठवडाभर."

"पाणी घेता का?"

"पाणी घेतो."

"अन् जेवण?"

दाजी खरं बोलणारा माणूस. "दिवसा न्हाई जमत," म्हणले. "नजर हटवून चालत न्हाई."

पांढऱ्या शर्टानं हात जोडले. "मागणी काय आहे?"

"मागणी म्हणजे... रस्ता रुंद झाला पाहिजे, हेच की. त्यासाठीच तर बसलोय."

मला तिथंच समजलं की हा गडी आम्हाला उपोषणाला बसलेले समजून राह्यला. दाजींना समजलं न्हाई, कारण तेवढ्यात एक ट्रॉली गेली अन् ते रेघ मारण्यात गुंतले. मी सांगणार होतो. देवाशपथ सांगणार होतो. पण पांढऱ्या शर्टानं दाजींच्या पायाला हात लावला, अन् दाजींनी पाय असा ओढून घेतला जसा विंचू चावला, अन् मला हसू आवरंना. हसणारा माणूस सांगणार कसं?

अर्ध्या तासात मंडप भरला. त्या पांढऱ्या शर्टानं दोन्ही मोबाईलवरून निरोप सोडले होते. "मंठ्याचा एक माणूस आपल्या रस्त्यासाठी उपाशी बसलाय, अन् आपण घरी भाकरी मोडतोय." लोक आले, बाया आल्या, म्हातारे आले. सगळे गंभीर. कोणी दाजींकडं बघून हळहळायचं, "किती वाळलंय लेकरू!" दाजी जन्मापासून तसेच आहेत. अन् आमचा डबा, ताईनं दिलेला, भाकरी, ठेचा अन् भरलं वांगं, तो लोडामागं. वांग्याचा वास सुटलेला. सगळ्यांना येत होता, पण उपोषणाच्या मंडपात वांग्याचा वास येतोय हे बोलणार कोण? दाजींचं पोट मात्र बोललं. माईक शेजारीच चालू होता. गर्रर्र असा आवाज भोंग्यातून गेला अन् एका बाईनं पदर डोळ्याला लावला.

दाजी माझ्या कानात म्हणले, "हे लोक कामून जमलेत?"

"तुम्हाला बघायला, दाजी."

"मला? मी काय केलंय?"

मंग कोणीतरी म्हणलं, "दोन शब्द बोला." दाजींनी जोरजोरात मान हलवली. लोकांना वाटलं, अशक्तपणा आलाय. मंग माईक माझ्याकडं आला. आता तुम्हीच सांगा. मला आवाज काढायची खोड, हातात माईक, समोर भरलेला मंडप. साखरेच्या पोत्यावर मुंगी बसवायची अन् तिला म्हणायचं, खाऊ नको.

मी एका पुढाऱ्याचा आवाज काढला. नाव सांगत न्हाई, कारण आमच्याकडं सगळ्याच पुढाऱ्यांचा तो एकच आवाज आहे. आधी घसा साफ करायचा. मंग प्रत्येक शब्दानंतर इतकं थांबायचं की लोकांना वाटावं, विसरला.

"माझ्या... तमाम... बांधवांनो." थांबलो. "मी तुम्हाला... विचारतो. ह्याला... रस्ता म्हणायचं का?"

"न्हाई!"

"ह्याच्यावरून... माणसानं... गाडी न्यावी का?"

"न्हाई!"

"बैलानं तरी... जावं का?"

"न्हाई! न्हाई!"

मी फक्त प्रश्न विचारले. उत्तरं लोकांची. पण पांढरा शर्ट उठून उभा राहिला. "ठरलं तर मंग! उद्यापासून ह्या रस्त्यावरून एक चाक जाणार न्हाई!" टाळ्या. घोषणा. दाजींच्या हातातला पेन सतरंजीवर पडला.

लोक गेल्यावर दाजी म्हणले, "अरे, एक चाक न्हाई म्हणजे?"

मी म्हणलं, "दाजी, ठरतं लय आपल्याकडं. होतंय कुठं?"

झालं की. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपात जाऊन बसलो तर रस्ता असा मोकळा की डांबरावर होल्यांचा थवा उतरला होता. एरवी चार माणसं बोलावली तर दोन येतात, अन् त्या दिवशी अख्खी पंचक्रोशी शब्दाला जागली. उसाच्या ट्रॉल्या कॅनॉलच्या कडेनं वळवल्या. काळी-पिवळीवाले घरी झोपले. दूधवाला काकासुद्धा स्कूटी गावात ठेवून किटल्या खांद्यावर घेऊन पायी आला, आम्हाला हात जोडले अन् गेला. पायी माणूस आमच्या कागदात मोजायचा न्हवता.

दाजी कोऱ्या कागदाकडं बघत बसले. मला त्यांची लय नक्कल येत न्हाई म्हणलं ना, पण त्या दिवशीचा त्यांचा चेहरा मला करून दाखवता येईल. करत मात्र न्हाई.

"आज साहेब येणार तपासायला," ते म्हणले. एवढंच.

लोक हळूहळू मंडपात जमले, आदल्या दिवसापेक्षा दुप्पट. सगळे खुश. "बघा, एक सायकल दिसती का?" दाजींना दाखवून राह्यले, जसं काही दाजींच्या पोराचं बारसं आहे. दाजी दोनदा बोलायला उठले. दोनदा लोकांनी त्यांना दंडाला धरून लोडाला टेकवलं. "शक्ती वाया घालू नका."

अकराच्या सुमाराला दुरून एक पांढरी कार आली. अख्ख्या सकाळची पहिली गाडी. माझी बाजू न्हवती तरी मी सवयीनं रेघ मारली. कारमधून साहेब उतरले, डोळ्याला काळा चष्मा, हातात फाईल. फाईल बघून पांढरा शर्ट ओरडला, "सरकारी माणूस आला! दखल घेतली!" साहेबांना काही कळायच्या आत त्यांच्या गळ्यात टॉवेल पडला अन् हातात ग्लास आला. मोसंबीच्या रसाचा. आमच्या भागात मोसंबीला तोटा न्हाई. कोणीतरी सकाळीच रस काढून, सोबत बर्फ घेऊन बसलेलं, कधी अधिकारी येईल अन् कधी उपोषण सुटंल म्हणून.

साहेबांना वाटलं, पाहुणचार. त्यांनी ग्लास तोंडाला लावला.

"ओ साहेब! तुम्ही न्हाई! त्यांना पाजा!"

"हे बघा, कोणाला पाजू?"

"आधी लेखी घ्या! लेखी घेतल्याशिवाय पाजू देऊ नका!" मागून एक आजी ओरडली.

"हे बघा, लेखी कसलं? हे काय चाललंय?" साहेबांनी दाजींकडं बघितलं. लोडाला टेकलेले दाजी, गळ्यात हार, समोर माईक. "तुम्ही? तुम्ही उपोषणाला बसलेत? कामावर असताना? अन् गाड्या कुठं आहेत?"

तेव्हा दाजी उठले. ह्या खेपेला कोणी दंडाला धरायच्या आत उठले. हार काढून खाली ठेवला अन् समोरचा माईक हातात घेतला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना सलग बोलताना ऐकलं.

"मी उपाशी बसलेलो न्हाई," दाजी म्हणले. "लोडामागं डबा आहे. मी गाड्या मोजायला बसलोय. ह्या रस्त्यावर किती गाड्या चालतात ते मोजून वर द्यायचं, मंग ते ठरवणार रस्ता रुंद करायचा का न्हाई. तुम्ही माझ्यासाठी गाड्या बंद केल्या. तुमचे उपकार आहेत. पण आज माझ्या कागदावर हा रस्ता रिकामा आहे. रिकाम्या रस्त्याला कोण रुंद करतं? अन् मला तरी कोण कामावर ठेवतं?"

मंग बैलगाडीवाले बाबा म्हणले, "मंग हे आधी सांगायचं न्हाई का? काल तर तो पोरगा चांगला बोलत होता."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी बाभळीकडं बघितलं.

पांढरा शर्ट पहिला सावरला. "हात्तिच्या! मंग आता पळवू का सगळ्या गाड्या? म्हणाल तितक्या चकरा मारतो."

"न्हाई!" दाजी अन् साहेब एकदमच ओरडले. साहेब म्हणले, "हे बघा, रोज जसं जाता-येता तसंच जा. कमी न्हाई, जास्त न्हाई. आजचा दिवस मी बाद धरतो. एक दिवस पुढं वाढवून मोजा."

लोक उठले, पण घुटमळून राह्यले. "रोज कसं जातो रे आपण?" एकजण दुसऱ्याला विचारत होता. त्याचं उत्तर कोणालाच बराबर येईना. पुढचे दिवस तर बघण्यासारखे होते. मंडप दिसला की मोटरसायकलवाला ताठ बसायचा, केसांवरून हात फिरवायचा, जसा लग्नाच्या फोटोला उभा राह्यलाय. काळी-पिवळीवाला टपावरच्यांना खाली उतरवून आम्हाला ओलांडायचा अन् पुढं जाऊन परत चढवायचा. बैलगाडीवाले बाबा थांबून दरवेळेला विचारायचे, "पडली का रेघ?" दोन-तीन दिवसांत त्यांना आमचा कंटाळा आला, अन् मंग रस्ता पहिल्यासारखा चालू लागला. दाजींनी शेवटच्या दिवसापर्यंत एकही गाडी सोडली न्हाई. डबासुद्धा एका हातानं खायचे, नजर रस्त्यावर. मी माझी बाजू नीट मोजली, अन् माईक चाचाला परत नेऊन दिला. चाचा म्हणला, "सेट अधूरा हो गया ना बेटा."

आकडे बराबर निघाले. साहेबांचा फोन आला तेव्हा आम्ही मंठ्याला घरी होतो अन् दाजींनी फोन स्पीकरवर ठेवला होता, म्हणजे ताईला ऐकू यावं. "हे बघा, काम चांगलं आहे. पण तो एक दिवस वर सगळ्यांना कळलाय. लगेच कायम केलं तर मला विचारतील. अजून एक रस्ता मोजून द्या, मंग बघतो. काढत न्हाई तुम्हाला, घाबरू नका."

दाजी "हो साहेब" म्हणले. फोन ठेवला. वडिलांनी चहाचा कप त्यांच्यापुढं सरकवला, अन् दाजी कप तसाच ठेवून बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले.

ताई कणीक मळत होती. तिनं परात बाजूला सारली.

"इकडं ये."

"ताई, काढलं तर न्हाई ना त्यांना..."

"इकडं ये म्हणलं ना! लोक तुझ्या बोलण्यावर हसतात म्हणून तुला वाटतं तू लय शहाणा. ह्या माणसानं वरीसभर मान खाली घालून काढलं ह्या घरात. गल्लीतला एक माणूस सोडत न्हाई त्यांना, अन् तू घरचा! एक वाक्य सांगायचं होतं तुला, एक! 'हे गाड्या मोजतात.' तेवढं तोंडातून निघालं न्हाई?"

"मला हसू आवरलं न्हाई, ताई. ते पाय असा ओढून..."

"दाखवू नको! पाय खाली कर. त्यांचे पाय करून दाखवतो मला? अन् तोंड तसं वाकडं करू नको, मला कळतं, माझीच नक्कल चालली आतून. जालन्याच्या खोलीवाल्याला आता फोन तू करायचा. म्हणायचं, अजून दोन महिने थांबा, ताई येणार आहे. त्यानं शिव्या दिल्या तर ऐकून घ्यायच्या, उलटून बोलायचं न्हाई. अन् पुढच्या रस्त्यालाही तूच जाणार आहेस ह्यांच्यासोबत, दुसरा कोण येणार आहे? पण मंडप न्हाई. छत्री ने. एकच छत्री, अन् ती त्यांच्या डोक्यावर धरायची, तुझ्या न्हाई. काय हसतो रे? हसतो काय! आधी बाहेर जा, तो चहा गरम करून त्यांना नेऊन दे, अन् देताना एक शब्द बोललास ना, तर आज तुला भाकरी न्हाई."